आईच्या अंगावर उठलेला मार

या पानावरचे अनुभव मी बरेच दिवस वाचतेय, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या निम्म्यांना हसले आहे. पिंपळाखाली उभी असलेली बाई, मागं वळून बघायचं नाही असला रस्ता... मला हे कधी पटलं नाही. आमचं घर ख्रिस्ती आणि वडील रेल्वेत. भुताखेतांना चर्चमध्ये थारा नव्हता आणि रेल्वेत कुणाला वेळ नव्हता. पुढं मी स्वतः आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. तेव्हा आज जे लिहितेय ते भर दुपारी, उघड्या डोळ्यांनी बघितलेलं आहे, आणि बघायला मी एकटी नव्हते. पटलं तर घ्या. नाही पटलं तर मी वाद घालणार नाही.

गोष्ट सेलूची. जिल्हा परभणी. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन उन्हाळे झाले असतील. बाबा स्टेशनवर पॉइंट्समन होते, गाड्यांचे रूळ बदलायचे. रुळांच्या पलीकडं आमचं क्वार्टर – दोन खोल्या, पुढं अंगण, अंगणाला तुराट्यांचा कूड. आमच्या आजोबांनी निजामाच्या राज्यात बाप्तिस्मा घेतला होता. त्यांच्या भावाची मुलं छप्पन सालानंतर बौद्ध झाली. लग्नाकार्याला सगळे एका पंगतीत बसायचे, कुणाला त्याचं काही वाटायचं नाही.

माझा मोठा भाऊ शमुवेल, घरात शामूदादा. पालमच्या पुढं एका खेड्यात मास्तर होता. गावाचं नाव लिहीत नाही, तिथं माणसं अजून नांदतात. दादा हुशार, वाचणारा, आणि तोंडाचा फाटका. चर्चला जाणं त्यानं जवळजवळ सोडलं होतं. त्यावरून आईचं आणि त्याचं सारखं वाजायचं. शेवटच्या वेळी तो घरी आला तेव्हा शेजारच्या पोराला ताप होता आणि आई त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत होती.

"आई, आधी गोळी दे. प्रार्थना मागून कर," दादा म्हणाला.

"आन् गोळी कुणी दिली?"

"कारखान्यानं."

आई उठली ती तणतणतच. "रविवारी चर्चला येत न्हाईस. जेवताना डोळे मिटत न्हाईस. मग ख्रिस्ती कशाला म्हणवून घ्यायलास?"

"तिथं सगळे एकमेकाचे कपडे बघायलेत आई. माझ्या शाळेत अर्धी पोरं उघड्या अंगानं येतात. येशू असलाच तर मला तिथं जास्त वाटतो."

"लय मोठा पाळक झालास की."

तो निघाला तेव्हा आईनं भाकरी बांधून दिली, पण डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली नाही. दरवेळी करायची. त्या वेळी चुलीपुढून उठलीच नाही. दादानंही दारात क्षणभर वाट बघितली, मग पिशवी उचलून गेला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, एका दुपारी, आम्ही अंगणात कुरडया घालत होतो. आई, मी आणि शेजारची खैरूनखाला. खालाचा नवरा पण रेल्वेतच. बाजेवर जुनं धोतर पसरलेलं, चुलीवर गव्हाचा चीक शिजलेला, आई सोऱ्या दाबत होती आणि मी ताटल्या पुढं करत होते. ऊन मी मी म्हणत होतं. खाला तिच्या सुनेचं काहीतरी गाऱ्हाणं सांगत होती.

आईच्या पाठीत धप्पकन आवाज झाला.

आवाज मी ऐकला. गादीवर काठी मारल्यावर होतो तसा. आई पुढं झुकली आणि रागानं मागं वळली. तिला वाटलं कुणी दगड फेकला. मागं कूड होता, त्याच्या मागं मोकळं रान आणि रूळ. माणूस नाही, काणूस नाही.

"कोण हाय रे?" ती ओरडली.

दुसरा आवाज. आईनं हात डोक्यावर घेतला – कुणी मारायला आल्यावर आपण घेतो तसा आडवा – आणि माझ्या डोळ्यांसमोर तो हात मनगटाच्या वर मोडला. वाळलेली तुराटी गुडघ्यावर मोडावी तसा आवाज आला. सोऱ्या खाली पडला. मग तिचं कपाळ फुटलं. कुणी काही मारलं नाही, काही उडत आलं नाही. भुवईच्या वरची कातडी आपली आपण उकलली आणि रक्त धोतरावर, ओल्या कुरडयांवर सांडलं.

ती पडली. मग पडलेल्या माणसाला लाथा घातल्यावर होतं तसं तिचं अंग उडायला लागलं. एकदा बरगडीत, एकदा कमरेत, परत बरगडीत. मी तिच्या अंगावर पडले. मला दुसरं काही सुचलं नाही. माझ्या पोटाखाली आईचं अंग दणके खाऊन हादरत होतं आणि माझ्या पाठीला वारासुद्धा लागत नव्हता! जो कोण मारत होता तो माझ्यातून मारत होता.

खैरूनखालानं चुलीतलं जळतं लाकूड उचललं आणि रिकाम्या अंगणात फिरवत सुटली. "कौन है रे मुर्दार! सामने आ! बाईला कशाला मारतो!" तिचा पदर सुटला होता, लाकडाच्या ठिणग्या तिच्याच हातावर पडत होत्या.

तेवढ्यात आई मोठ्यानं ओरडली. आवाज तिचाच, पण आमच्याशी बोलत नव्हती.

"अरे म्हातारी हाय ती! सोडा तिला!"

मग सगळं थांबलं. गिरणीच्या चाकावरून पट्टा निसटावा तसं. आईच्या तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. चीक करपल्याचा वास सुटला होता.

आम्ही तिला बाजेवरच घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर चांगला माणूस होता. त्यानं हात बांधला, कपाळाला टाके घातले, बरगड्या चाचपल्या. डावा डोळा सुजून बंद झाला होता, त्यात तिला पुढं कधी नीट दिसलं नाही. काम संपल्यावर त्यानं मला बाजूला घेतलं.

"खरं सांग. वडील दारू पितात का?"

"न्हाई."

"मग भाऊ?"

"डॉक्टरसाहेब, अंगणात कुणीच नव्हतं."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं की मला माझंच खोटं वाटायला लागलं. त्यानं पोलिसांना कळवलं. जमादार आला, बाबांना बाहेर नेऊन विचारपूस केली. बाबा तेव्हा ड्यूटीवर होते, गाडी घेत होते, स्टेशनातल्या चारजणांनी त्यांना बघितलं होतं. खैरूनखालानं जमादाराला कुराणाची शपथ घेऊन सांगितलं, "साहेब, मेरी आँखों से देखी मैं. हवा मारत होती बाईला." जमादार पेन खिशात ठेवून निघून गेला.

संध्याकाळपर्यंत सगळ्या क्वार्टरांत एकच शब्द फिरत होता – भानामती. आमच्या मराठवाड्यात तेव्हा हे फार होतं. कुणाच्या अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठायच्या, कुणाचे कपडे पेटायचे, बायका कुत्र्यासारख्या भुंकायच्या. आणि मग कुणीतरी एक बाई शोधून काढली जायची, जिनं म्हणे हे केलं. लोक बाबांना सांगायला लागले, अमक्या गावचा जाणता आणा, उतारा करा.  बाबा दवाखान्याच्या पायरीवर टोपी हातात घेऊन बसून राहिले. प्रार्थनासुद्धा करत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं शामूदादा आला.

त्याला कुणी निरोप धाडला नव्हता. धाडायला सवडच झाली नव्हती. तो स्टेशनातून सरळ क्वार्टरवर आला. मी आईचे कपडे न्यायला घरी आले होते. दादाचा पांढरा सदरा पाठीवर उभा फाटलेला, गळ्यापासून पोटापर्यंत रक्तानं कडक झालेला. मागं एक म्हातारी, धनगराची, लुगड्यावर रक्ताचे शिंतोडे, ओठ सुजलेला. आणि दादा हसत होता. वेड लागल्यासारखा हसत होता.

"इस्तर, आई कुठाय? आईला सांगायचंय. बघ मला काहीच झालं न्हाई! एवढं मारलं मला, बघ, ओरखडा तरी दिसतो का?"

त्यानं सदरा काढला. छाती, पाठ, हात... पाण्यातून काढल्यासारखं साफ अंग. कपाळावर वाळलेलं रक्त होतं, ते त्यानं बोटानं पुसलं. खाली कातडी धड.

मी म्हणाले, "दादा, तू चल आधी."

काय झालं होतं ते म्हातारीनं सांगितलं. तिचं नाव कोंडाबाई. विधवा, दिराच्या घरी राहणारी. दिराचं नाव मारुती. महिनाभर त्याची मेंढरं एकाएकी तडफडून मरत होती. लोकांनी ठरवलं, ही भानामती कोंडीची. आणि त्यावर त्या काळी एक उपाय असायचा – बाईचे पुढचे दात पाडायचे. दात नसले की मंत्र नीट म्हणता येत नाही, म्हणून.

"मला शाळंम्होरच्या लिंबाला बांधलं," कोंडाबाई म्हणाली. "मारुत्यानं दगड घेतला हातात. एकानं जबडा धरला. तेवढ्यात ह्यो मास्तर शाळंतून पळत आला. भानामती-बिनामती काय नसतंय, म्हणला. अरे म्हातारी हाय ती, सोडा तिला, म्हणला. मग त्येलाच धरलं. काठ्यानं, लाथानं... डोसक्यावर काठी बसली तवा रगात माझ्या लुगड्यावर उडालं, ह्ये बघा. मी म्हणलं, मेला मास्तर. तर ह्यो उठला. परत मारलं. परत उठला. मंग तेच घाबरले. ह्येचीच भानामती लय मोठी हाय, म्हणले, आन् काठ्या टाकून पळाले."

दादानं तिला सोडवलं, पायी पालमला आणलं. रात्र परभणी स्टेशनवर काढली. मार बसला तो त्याला कळला होता. काठीचा आवाज त्यानं ऐकला होता, लाथेनं तो लोळला होता. पण दुखलं नाही. "कुणीतरी मधी गादी धरल्यावानी," तो मला रस्त्यानं सांगत होता. त्याला वाटत होतं, आईला हे ऐकून आनंद होईल. एवढी वर्षं ती म्हणते ते खरं निघालं, देवानं आपल्याला वाचवलं, हे आपल्या तोंडानं तिला सांगू.

मी त्याला काही सांगू शकले नाही. दवाखान्याच्या दारात तो माझ्या पुढं झाला आणि खाटेपाशी जाऊन उभा राहिला.

आईचं तोंड ओळखू येत नव्हतं. तिनं चांगल्या डोळ्यानं त्याला बघितलं, त्याचा मोकळा गळा, धड कपाळ बघितलं. दादा तिचा बांधलेला हात बघत होता. काठी अडवायला त्यानं तोच हात आडवा घेतला होता. हळूहळू त्याला समजत गेलं ते मला दिसत होतं. आधी हसणं गेलं, मग रंग गेला. तो तिथंच भिंतीला डोकं आपटायला लागला. बाबांनी आणि मी धरलं त्याला.

"तू काय मागितलंस?" तो ओरडत होता. "काय मागितलंस देवाकडं? सांग मला!"

आईला बोलताना बरगड्या दुखत होत्या. ती तुटक तुटक म्हणाली, "काय बी मागितलं न्हाई रे. मी तर तुझ्यावर चिडलेली होते. कुरडया करायलो होतो."

हे मी मुद्दाम लिहितेय, कारण पुढं आमच्या पाळकसाहेबांनी हे वेगळंच सांगायला सुरुवात केली. ते भले गृहस्थ. ते खाटेशी आले, गुडघे टेकले, रडले. मग म्हणाले, एका आईच्या प्रार्थनेनं मुलगा वाचला, ही साक्ष मंडळीपुढं, म्हणजे चर्चमध्ये सगळ्यांसमोर, झाली पाहिजे. दादा खिडकीपाशी उभा होता. तो वळला.

"साहेब, तुमच्या देवाला काठी अडवता आली नसती का? मारुतीचा हात धरता आला नसता? माझ्यावरचा मार काढून म्हाताऱ्या आईला द्यायचा, ह्याला वाचवणं म्हणतात?"

  पाळकसाहेबांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला, दादानं तो झटकला.

दादाचा रक्ताचा सदरा बाबांनी कुडाच्या मागं जाळला. ते रक्त कुणाचं, हे कुणी तपासलं नाही. दादाला जखम नव्हती. आईचं रक्त तर धोतरावर सांडलेलं मी बघितलं होतं. म्हणजे रक्त दोन्हीकडं होतं... मी याच्यावर फार विचार केलाय. गणित जुळत नाही.

आईला घरी आणल्यावर दादाच्या डोक्यात दुसरंच शिरलं. एके सकाळी मी बघितलं, तो बाबांच्या सामानातून लोखंडी पहार काढून गोणपाटात गुंडाळत होता. मला काय ते कळलं. मी आईला उठवलं. ती भिंतीला धरत धरत दारापर्यंत आली आणि उंबऱ्यावर बसली.

"कुठं निघालास?"

"पालमला. मारुतीला खलास करतो आन् येतो."

"जा की. ते बी तुला मारतील. तो मार मला बसंल का न्हाई, मला ठाऊक न्हाई. तुला हाय का ठाऊक?"

दादा उभाच राहिला.

"माझ्यात आता दुसऱ्या डावाला ताकद न्हाई, शामू."

पहार त्याच्या हातातून सुटली आणि फरशीचा तुकडा उडाला. तो आईच्या पायाशी बसला आणि लहान मुलासारखा हंबरडा फोडून रडला. आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला – धड होता तो. प्रार्थना केली की नाही मला माहीत नाही, ओठ हलत होते.

त्याच आठवड्यात मी दादाला स्वयंपाकघरात बघितलं. विळीच्या पात्यावर त्यानं स्वतःचा तळहात दाबला होता आणि मान वळवून बाहेर बसलेल्या आईकडं बघत होता. त्याच्या हातातून रक्त आलं. त्याच्याच. त्याला दुखलं. आई बाहेर लसूण सोलत होती, तिला काहीही झालं नाही. दादा इतका सुटल्यासारखा दिसला की मी फक्त चिंधी आणून दिली.

ते परत कधी घडलं नाही. पण दादा पहिल्यासारखा राहिला नाही. बदली मागून मानवतकडं गेला. त्याचा आवाज गेला म्हणा. अन्याय दिसला की उसळून उठणारा माणूस, तो आता कुठं चार माणसं तावातावानं बोलायला लागली की घरी यायचा. कुणी भित्रा म्हणायचं. त्याच्या अंगाची किंमत कुणी भरली होती ते त्यांना माहीत नव्हतं. चर्चला मात्र तो परत जायला लागला. मी एकदा विचारलं, विश्वास बसला का? म्हणाला, "भांडायला जातो. भांडायला समोर कुणीतरी लागतं ना."

कोंडाबाई परत गेली नाही. ती कापसाच्या जिनिंगमध्ये सरकी वेचायला जायची आणि आमच्याच अंगणात, कुडाला लागून टाकलेल्या खोपटात राहायची. मंडळीतल्या बायकांना वाटायचं आता ती ख्रिस्ती होणार. ती झाली नाही. तिनं खोपटात खंडोबाचा टाक मांडला, दर रविवारी हळद वाहिली. आई आणि ती जावाजावांसारख्या भांडायच्या, मिठावरून, पाण्यावरून. आईच्या वाकड्या हाताला तेल मात्र शेवटपर्यंत तिनं चोळलं. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही.

आणि मारुती... तोही एकदा आला. पुढच्या हंगामात गावच्या कापसाच्या गाड्यांबरोबर सेलूच्या बाजारात आला होता. कोंडाबाई जिवंत आहे का बघायला आमच्या दारी आला असेल. आई दारात उभी होती. त्यानं तिचं कपाळ बघितलं, भुवईवरचा वण. मग तिचा हात. 

"हितंच," तो म्हणाला. स्वतःच्या भुवईवर बोट ठेवून म्हणाला, "हितंच बसली होती माझी काठी. मास्तरला. मी दुसरीकडं मारलीच न्हवती."

तो जमिनीवर बसला आणि त्यानं दोन्ही हात पुढं केले. मी आईकडं बघत होते. बायबल वाचणारी, सगळ्यांना क्षमा शिकवणारी माझी आई. ती आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. मारुती बराच वेळ बसून होता. मग उठून गेला.

आत आई घडवंचीला टेकून उभी होती. "माफ केलं म्हणायचं होतं गं," ती म्हणाली. "तोंड उघडंना." त्यानंतर तिच्या रोजच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत मारुतीचं नाव यायला लागलं. प्रेमानं घेत नव्हती. कडू औषध गिळावं तसं घ्यायची. पण मरेपर्यंत एकही दिवस चुकवला नाही.

आता आई नाही, बाबा नाहीत, दादाही गेला. या वर्षांत मी बऱ्याच जणांना विचारलं. एका मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितलं, मनाच्या धक्क्यानं अंगावर वळ उठू शकतात. हाड मोडतं का, विचारलं, तर म्हणाले, तेव्हा एक्स-रे होता का? नव्हता. खेड्यातली माणसं अजून भानामती म्हणतील. चर्चमधली माणसं चमत्कार म्हणतात. मला तिन्ही पटत नाहीत आणि चौथं माझ्याकडं नाही.

आमच्या चर्चमध्ये नवे पाळक आले की त्यांना कुणीतरी ही गोष्ट सांगतं. मग ते माझ्याकडं येतात. "इस्तरबाई, या रविवारी साक्ष द्या." मी नाही म्हणते. साक्ष द्यायची म्हणजे शेवटी स्तुती करावी लागते, आणि मी त्या अंगणात होते. माझ्या पोटाखाली आईच्या बरगड्या मोडल्या आहेत. ज्यानं हे केलं, किंवा होऊ दिलं, त्याची स्तुती माझ्या तोंडून निघत नाही.

पण दादा त्या दिवशी लिंबाखाली मेला नाही. त्याला बायको मिळाली, पोरं झाली, त्याची नात मागच्या महिन्यात माझ्याकडं राहून गेली. ती झोपली होती तेव्हा मी तिच्या उशाशी बसले, आणि माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं – "थँक यू."

कुणाला म्हणाले, ते मला माहीत नाही.